पायांखालची वस्ती



सरकारी चाकरीत काही वर्षे काढली म्हणजे माणसाला जगाकडे रकान्यांतून पाहण्याची सवय जडते. गाव म्हटले की लोकसंख्या किती, विहिरी किती, शाळेच्या खोल्या किती, हे प्रश्न आपसूक मनात उभे राहतात. आणि त्यांची उत्तरे कागदावर उतरली की ते गाव आपल्याला कळले, असे समाधान वाटू लागते. ही सवय सर्वस्वी वाईट नव्हे. रकाने नसते तर कोणत्या मुलाला लस टोचली आणि कोणते राहून गेले, हे कोणालाच सांगता आले नसते. परंतु या सवयीत एक खोड आहे. ज्या वस्तूला आपल्या तक्त्यात रकाना नाही, ती वस्तू जगातच नाही असे आपण नकळत धरून चालतो. ती नाहीशी झाली तरी कोणत्याही बेरजेत फरक पडत नाही. आणि म्हणून ती नाहीशी झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. अशाच एका बिनरकान्याच्या वस्तीविषयी आज मला बोलावयाचे आहे. ती वस्ती तुमच्या-माझ्या पायांखाली, मातीत आहे.

मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. एम. ए. झालो तो इतिहास हा विषय घेऊन. मातीशी माझा संबंध आला तो कामाच्या निमित्ताने, आणि खरे सांगावयाचे तर एका चुकीच्या निमित्ताने. काही वर्षांपूर्वी भिलाईजवळ एका मोकळ्या जागेवर झाडे लावण्याचे काम माझ्या देखरेखीखाली झाले. जागा उंचसखल होती. ती आधी सपाट करावी, म्हणजे रोपांच्या ओळी सरळ येतील आणि पाणी घालणेही सोपे जाईल, असा विचार निघाला. त्या विचाराखाली सही माझी होती. दोन दिवस यंत्रे फिरली. वरची हातभर माती खरवडून निघाली. ती चांगली काळसर होती, म्हणून दुसऱ्या ठिकाणाहून भरावासाठी तिला मागणी आली आणि ती गेलीही. खाली लालसर मुरूम उघडा पडला. त्यात खड्डे घेतले, शेणखत घातले, करंज, कडुनिंब, शिसू, आवळा अशी रोपे लावली, भोवती कुंपण घातले, उन्हाळ्यात टँकरने पाणी दिले. कागदावर कशाचीही उणीव नव्हती. पण दुसऱ्या पावसाळ्यात जाऊन पाहतो तो निम्म्याहून अधिक रोपे वाळून गेलेली, आणि जी उरली होती ती लावली तेव्हा होती तेवढीच!

त्या जागेच्या राखणीला एक म्हातारा माळी होता. जन्म शेतीत गेलेला माणूस. मी त्याला कारण विचारले तेव्हा तो काही बोलला नाही. मला शेजारच्या भातशेताच्या बांधावर घेऊन गेला आणि तेथे त्याने कुदळीचा एक घाव घातला. माती भुसभुशीत निघाली. तिच्यात पांढऱ्या सुतासारखे तंतू होते, कुजक्या पानांचा चुरा होता, आणि दोन-तीन गांडुळे उजेडाला बुजून आत शिरण्याची धडपड करीत होती. मग तो मला आमच्या जागेवर घेऊन आला आणि तेथेही एक घाव घातला. दगडावर आपटावी तशी कुदळ वाजली. तेव्हा तो आपल्या छत्तीसगढी बोलीत एवढेच म्हणाला, “साहेब, माटी मर गे हे.” माती मेली आहे.

माती वाहून जाते, धुपते, खारावते, हे मी अहवालांतून वाचले होते. माती मरते हे मात्र मला नवे होते. आणि जी मरते, ती मुळात जिवंत असली पाहिजे! हा साधा तर्क मनात आला आणि त्याच्या पाठोपाठ मी वाचू लागलो, विचारू लागलो. जे कळले त्यातील थोडे आज आपल्यापुढे ठेवतो.

चांगल्या शेतातील चिमूटभर माती आपण घेतली, म्हणजे समजा एक ग्रॅम, तर तिच्यात कोट्यवधी जिवाणू असतात. कधी कधी हा आकडा अब्जाच्या घरात जातो. त्यांच्या सोबतीला डोळ्यांना न दिसणाऱ्या बुरशीच्या तंतूंचे जाळे असते. जिवाणूंना खाऊन जगणारे आदिजीव असतात, केसाहून बारीक सूत्रकृमी असतात. थोडी अधिक माती घेतली की कोळ्यांच्या कुळातले सूक्ष्म माइट, टाचणीच्या टोकाएवढे उड्या मारणारे स्प्रिंगटेल नावाचे जीव, मुंग्या, वाळवी, गोम आणि अखेर गांडूळ, अशी ही वस्ती चढत जाते. येथे प्रत्येकाला धंदा आहे. कोणी पाने कातरतो, कोणी कुजवितो, कोणी कुजविणाऱ्याला खातो. आणि या खाण्याखाण्यातूनच झाडाचे अन्न तयार होते. जिवाणूंनी आपल्या देहात साठवून ठेवलेला नत्र, त्यांना आदिजीवांनी गिळल्यावर, उरलेल्या भागातून मातीत मोकळा होतो आणि मुळांना मिळतो. म्हणजे ज्याला आपण जमिनीचा कस म्हणतो तो ठेवीसारखा पडून राहिलेला नसतो. बाजारातील पैशासारखा तो सारखा हातोहात फिरत असतो. बाजार उठला की पैसा थांबतो.

या वस्तीकडे शास्त्रज्ञांचे लक्ष तसे उशिरा गेले. चार्ल्स डार्विन हे नाव उत्क्रांतीच्या सिद्धान्तामुळे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याचे अखेरचे पुस्तक गांडुळांवर आहे हे फार थोड्यांना माहीत असते. ते १८८१ साली, त्याच्या मृत्यूच्या काही महिने आधी प्रसिद्ध झाले. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षाकाठी दहा टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या शरीरातून जाऊन वर येते, असे त्याने मोजमाप करून दाखविले. या माणसाची चिकाटी पाहावी! गांडुळांना ऐकू येते की नाही हे पाहण्यासाठी त्याने त्यांच्यापुढे शिट्टी वाजविली, मुलाला बासून हे वाद्य वाजवायला बसविले. गांडुळांनी ढिम्म लक्ष दिले नाही. पण त्यांची कुंडी पियानोवर ठेवून सूर छेडताच ती बिळात पळाली. त्यांना नाद कळत नव्हता, कंप कळत होता. लोकांना हे म्हातारपणचे खूळ वाटले असेल. परंतु शेतकऱ्याच्या नांगराच्या कितीतरी आधीपासून जमीन नांगरली जात आली आहे, हे जगाने प्रथम नीट ऐकले ते या पुस्तकातून.

पुढे शोधांची रांगच लागली. १८८५ साली फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने झाडाची मुळे आणि बुरशी यांच्या भागीदारीला मायकोरायझा हे नाव दिले. झाड बुरशीला साखर देते आणि बुरशी आपले तंतू दूरवर पसरून झाडाला स्फुरद व पाणी आणून देते, हा त्या भागीदारीतील करार. १८८८ साली बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतून हवेतील नत्र बांधणारा जिवाणू वेगळा काढला. आणि १९४३ साली अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्याला मातीतील एका जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. क्षयरोगावरचे ते पहिले परिणामकारक प्रतिजैविक. ज्या पिढीने क्षयाने घरे ओस पडलेली पाहिली, तिला या औषधाचे मोल वेगळे सांगावयास नको. ते औषध आले होते मातीतून.

त्याच कुळातील जिवाणूंची एक ओळख आपणा सर्वांना जन्मापासून आहे. ध्वनिक्षेपकावरून वास पाठविता येत नाही, हे खरे. पण आषाढातील पहिल्या सरीनंतर जो मातीचा वास सुटतो तो आठवून पाहा. त्या वासातील मुख्य द्रव्य जिओस्मिन हे असून ते हे जिवाणू तयार करतात. हा वास त्यांनी आपल्यासाठी निर्माण केलेला नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की, मघाशी सांगितलेले उड्या मारणारे स्प्रिंगटेल या वासाच्या ओढीने येतात, ते जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगाला लावून व विष्ठेतून दूर पसरवितात. फुलाने भ्रमराला बोलवावे तसेच हे. आपण ज्या वासावर कविता केल्या, तो त्या वस्तीचा आपसातला निरोप आहे.

कोणी म्हणेल, हे सारे मनोरंजक आहे. पण या लक्षावधी जीवांपैकी काही कमी झाले तर आमचे काय अडते? या प्रश्नाचे उत्तर स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दिले आहे. प्रयोग आपल्या घरातील चाळणीच्या तत्त्वावरचा होता. त्यांनी निर्जंतुक केलेल्या मातीत जिवंत मातीचा अर्क मिसळला. पण तो आधी निरनिराळ्या भोकांच्या चाळण्यांतून गाळून घेतला. मोठ्या भोकांच्या चाळणीतून बहुतेक सगळी वस्ती आत गेली, बारीक चाळणीतून केवळ लहानसहान जीव. मग सर्व पात्रांत गवताळ रानातील तीच ती झाडे लावली. वस्ती जसजशी विरळ होत गेली तसतसे पालापाचोळा कुजणे मंदावले, झाडांच्या जातींतील विविधता घटली आणि पोसणारी द्रव्ये मातीत न टिकता पाण्याबरोबर अधिक वाहून गेली. एखादे काम बंद पडले असे नव्हे, संसारच खालावला. मी आमच्या त्या जागेवर हाच प्रयोग केला होता. फरक एवढाच की माझ्याजवळ चाळणी नव्हती, जेसीबी होता.

आता मी ज्या प्रदेशात राहतो तिकडे वळतो. भिलाई हे नाव ऐकताच मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढे पोलादाचा कारखाना उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला; ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या रेल्वेचे रूळ येथून जातात. या कारखान्याच्या आश्रयाने नागपूर-विदर्भाकडील अनेक मराठी कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. परंतु धुराड्यांच्या पलीकडे गेले की लगेच भातशेती लागते, आणि तेथील माणसाची भाषा लोखंडाची नसून मातीची असते. उंचवट्यावरची मुरमाड ती भाटा, तिच्याखाली पिवळसर मटासी, त्याखाली डोरसा, आणि अगदी सखल भागातील काळी, भारी ती कन्हार. या मातीची नावे गावांच्या नावांतही मुरली आहेत. भिलाईची आयआयटी ज्या कुटेलाभाटा गावात उभी आहे, त्या नावातला भाटा हाच. आपल्या भंडारा-गोंदियाकडे कन्हार, मोरंड, सिहार, बर्डी अशी नावे चालतात, ती याच घराण्यातली. मध्य प्रांताच्या जमाबंदीत इंग्रज अधिकाऱ्यांनी सारा ठरविण्यासाठी हीच नावे उचलली. म्हणजे सरकारी कागदावर माती आली ती सारा देणारी म्हणून. जगणारी म्हणून नव्हे.

या भातशेतांत लोखंडाचे एक नवल घडते, जे भिलाईच्या माणसाला विशेष कळावे. बालोद जिल्ह्यातील दल्ली-राजहरा येथून आलेले लोहखनिज कारखान्याच्या भट्टीत कोक नावाच्या भाजलेल्या कोळशाबरोबर तापते. दीड हजार अंशांच्या पलीकडे गेलेल्या त्या उष्णतेत कार्बन खनिजातील प्राणवायू हिरावून घेतो आणि लोखंड मोकळे होते. भातखाचरात पाणी साचले म्हणजे मातीतील हवा काही दिवसांतच संपते. अशा वेळी काही जिवाणू हवेऐवजी मातीतील गंजरूपी लोहावर श्वसन चालवितात. ते कुजका पालापाचोळा खातात आणि त्या लोहाचे रूप पालटून टाकतात. लोखंड काही सुटून येत नाही. पण तांबूस माती करडी, निळसर होते, आणि लोहाने घट्ट धरून ठेवलेला स्फुरद सुटून भाताला मिळतो. भट्टी आणि खाचर या दोन्ही ठिकाणी कार्बन आणि लोह यांचाच व्यवहार चालू असतो. एकीकडे कोळशाच्या राशी लागतात, दुसरीकडे गुडघाभर चिखल पुरतो. भाताचे रोप उपटून पाहिले तर मुळांवर नारिंगी गंजाचे पूट दिसते. रोप पानांतून मुळांपर्यंत हवा पोहोचविते, आणि तेथे ते लोह पुन्हा गंजते. अर्थात या चिखलात मिथेन हा हवा तापविणारा वायू तयार करणारे जिवाणूही असतात, आणि तो वर निघण्यापूर्वी त्यातला काही भाग खाऊन टाकणारेही असतात. वस्ती म्हटली की सर्व स्वभावांची माणसे आलीच.

याच चिखलात १९३९ साली पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने एक जुने कोडे सोडविले. वर्षानुवर्षे फारसे खत न घालताही भाताचे शेत पीक कसे देत राहते? त्यांनी दाखविले की पाण्यावरील निळसर-हिरवे शेवाळ हवेतील नत्र बांधून मातीला देते. ज्यांना तेव्हा शेवाळ म्हणत, त्यांची गणना आता जिवाणूंत होते. छत्तीसगढचा शेतकरी हे शास्त्र न वाचताही आणखी एक युक्ती करीत आला आहे. भात उभा असताना, शेतातील पाणी ओसरू लागले की तो ओल्या मातीवर तिवरा, म्हणजे आपल्याकडील लाखेची डाळ, फेकून देतो. याला तो उतेरा म्हणतो. भात कापून झाला की त्याच ओलीवर, नांगराचे एकही तास न धरता, दुसरे पीक उभे राहते. त्या रोपाच्या मुळावरील गाठ नखाने फोडून पाहा. ती आतून गुलाबी असते. आपल्या रक्तात ज्या जातीचे लोहयुक्त द्रव्य आहे, त्याच जातीचे द्रव्य तेथे असते. नत्र बांधणाऱ्या जिवाणूंच्या हत्यारातही लोह असतेच. युरियाच्या कारखान्यात त्याच कामासाठी शेकडो अंशांची उष्णता आणि वातावरणाच्या शंभर-दोनशे पट दाब लागतो.

मी रासायनिक खतांचा द्वेष्टा नाही. देशाने भुकेची वर्षे पाहिली आहेत, आणि त्या काळी युरियाच्या पोत्याने किती घरांची चूल पेटती ठेवली हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. तक्रार एवढीच की आपण पिकाला खाऊ घातले आणि वस्तीला उपाशी ठेवले. मातीतील जीवांचे अन्न म्हणजे पाला, मुळे, शेण, धसकटे. उन्हाळी भातानंतर शेतातील पेंढा पेटविला की ते अन्नच राख होते. वारंवार खोल नांगरटीने बुरशीचे जाळे तुटते, गांडुळांची घरे मोडतात. कीटकनाशक ज्या किडीसाठी मारतो, तिच्यापाशीच ते थांबत नाही. आणि शहराजवळ तर याहून सोपा मार्ग आहे. घरासाठी, रस्त्यासाठी, विटांसाठी वरची माती उचलून न्यायची. तळहाताएवढ्या जाडीचा थर तयार व्हायला कित्येक शतके लागतात. तो ट्रकमध्ये भरायला एक तासही लागत नाही. खाणींच्या नियमांत वरची माती वेगळी काढून ठेवावी व पुढे जागा सावरताना वापरावी अशी तरतूद आहे, आणि ती शहाणपणाची आहे. पण त्या राशीही फार उंच रचल्या आणि फार वर्षे ठेवल्या तर आतील वस्ती हवेवाचून गुदमरते. माती जपली, असे कागद म्हणतो. जपलेली असते ती तिची कुडी.

मग मेलेली माती पुन्हा जिवंत होते का? होते, पण तिला माणसे परत आणून द्यावी लागतात. याचा एक उत्तम दाखला नागपूरजवळचा आहे. सावनेर तालुक्यातील गुमगाव येथे मँगनीजची खाण आहे. खाणीतून निघालेल्या दगडमातीच्या ढिगांवर गवताची काडीही धड उगवत नसे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेतील, म्हणजे आपल्या ‘नीरी’तील, डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ढिगांवर नुसती झाडे लावली नाहीत. साखर कारखान्यातून टाकाऊ म्हणून निघणारा प्रेसमड त्यांनी खड्ड्यांत घातला, म्हणजे वस्तीच्या अन्नाची सोय केली. मग रोपांच्या मुळांशी नत्र बांधणारे ऱ्हायझोबियम व ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू आणि मायकोरायझा बुरशी दिली, म्हणजे वस्तीच नेऊन बसविली. झाडे जगली, वाढली आणि ओसाड ढिगांवर रान उभे राहिले. पुढे कोळशाच्या खाणींच्या ढिगांवरही त्यांनी ही पद्धत वापरली. हे वाचताना मला माझी ती जागा आठवली. मी रोपाला पाणी दिले होते, खत दिले होते, कुंपण दिले होते. शेजार दिला नव्हता.

दुसरा दाखला भाताचाच आहे, आणि तो कोकणच्या उंबरठ्यावरचा. कर्जत तालुक्यात नेरळजवळ सगुणा बाग येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा राइस टेक्निक’ ही पद्धत बसविली. एकदा गादीवाफे करावयाचे, लोखंडी साच्याने त्यावर भोके पाडून भात टोकावयाचा, आणि कापणीनंतर धसकटे व मुळे जागच्या जागी कुजू द्यावयाची. चिखलणी नाही, लावणी नाही, पुन्हा नांगरट नाही. असे केलेल्या शेतांत गांडुळे परत आल्याचा अनुभव शेतकरी सांगतात. या पद्धतीत तणनाशक वापरावे लागते, आणि त्याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. ते असणे स्वाभाविक आहे. पण मुळे मातीत राहू द्या, हा तिचा गाभा मात्र सर्वमान्य व्हावा असाच आहे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. गांडूळखताचा प्रसार आता सर्वत्र झाला आहे. छत्तीसगढात तर २०२० सालच्या हरेलीच्या सणापासून सरकारने दोन रुपये किलो दराने शेण विकत घेऊन त्याचे खत करविण्याची योजना सुरू केली होती. उपक्रम चांगलाच म्हणावा लागेल. पण खताच्या खड्ड्यातील लाल गांडूळ हे बहुधा युरोपातून आलेले, शेणात व पाल्यातच राहणारे असते. ते शेताच्या मातीत बिळे करून राहत नाही. जमीन नांगरणारे आपले देशी गांडूळ वेगळे. ते पिशवीतून विकत मिळत नाही. त्याला बोलवावयाचे असेल तर त्याला राहण्याजोगे घर ठेवावे लागते, एवढाच उपाय आहे.

आता पुन्हा रकान्यांकडे येतो. २०१५ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय मृदा वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला राजस्थानातील सूरतगढ येथे आपल्या देशात मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. शेतकऱ्याच्या हातात त्याच्या मातीची पत्रिका देणे ही मोठी गोष्ट आहे. त्या पत्रिकेत बारा रकाने आहेत. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक. जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मी ते बाराही रकाने पुन्हा पुन्हा वाचले. मातीचे आरोग्य असे शीर्षक आहे, आणि आत जिवंत असे काहीच मोजलेले नाही. सेंद्रिय कर्ब हा एकच रकाना त्या वस्तीच्या दारापर्यंत नेऊन सोडतो. पण दार उघडत नाही. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने भाताचे २३,००० हून अधिक नमुने जतन केले आहेत. डॉ. रिछारियांसारख्या माणसाने गावोगाव हिंडून त्या संग्रहाचा पाया घातला. जमिनीवरच्या विविधतेसाठी आपण एवढे कष्ट घेतले. पण ज्या मातीत ते भात वाढले, तिच्यातील रहिवाशांची यादी कोठे आहे? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार पृथ्वीवरील सजीवांच्या जातींपैकी सुमारे ५९ टक्के जातींचे घर मातीत आहे. अंदाज ढोबळ आहे, हे ते मांडणारेही मान्य करतात. पण निम्म्याहून अधिक प्रजेची शिरगणतीच झालेली नाही, असे कोणत्या राज्यात चालले असते?

हे काम केवळ शास्त्रज्ञांचे नव्हे. त्यांच्याजवळ आता मातीतील जीवांची ओळख त्यांच्या जनुकांवरून पटविण्याची साधने आहेत, आणि ती कामे त्यांनी करावीत. पण एक तपासणी आपणा कोणालाही करता येते. एकाच जातीच्या मातीची, सावलीत नीट वाळलेली दोन ढेकळे घ्या. एक बांधावरचे किंवा झाडाखालचे, दुसरे उघड्या, वारंवार नांगरलेल्या जागेचे. ती पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या पेल्यांत अलगद सोडा. पहिले ढेकूळ बराच वेळ आपला आकार धरून राहील. कारण बुरशीच्या तंतूंनी आणि जिवाणूंच्या चिकट स्रावांनी त्याचे कण एकमेकांना बांधलेले असतात. दुसरे बहुधा पाहता पाहता विरघळून पाणी गढूळ करील. पावसाळ्यात नदी लाल का होते, याचे उत्तर त्या दुसऱ्या पेल्यात दिसते. मी हा प्रयोग घरी केला तेव्हा माझ्या मुलीने विचारले, “बाबा, पहिल्यात कोण आहे?” काय आहे, असे तिने विचारले नाही, कोण आहे, असे विचारले. मला वाटते, माती पाहण्याची हीच दृष्टी बरोबर आहे.

त्या जागेचे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. गेलेली माती परत आली नाही. ती कोणाच्या तरी अंगणाखाली दबली आहे. आम्ही ओळींचा हट्ट सोडला. म्हाताऱ्या माळ्याच्या सांगण्यावरून पालापाचोळा जाळणे बंद करून तो खड्ड्यांभोवती पसरविला, मधल्या जागेत ताग आणि तिवरा पेरला, आणि जुन्या बांधावरची टोपलीभर माती प्रत्येक रोपाशी विरजणासारखी घातली. झाडे अजून लहान आहेत. मोठेपणा सांगण्याजोगे काही घडलेले नाही. पण त्या कामाच्या वहीत मी माझ्या हाताने एक जादा रकाना आखला आहे. त्याला कोणत्याही परिपत्रकाचा आधार नाही. दर पावसाळ्यात एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल माती खणून त्यात सापडतील ती गांडुळे मोजावयाची आणि पुन्हा आत सोडावयाची. पहिली दोन वर्षे त्या रकान्यात शून्य आहे. तिसऱ्या वर्षी तेथे एक हा आकडा आहे. तो लिहिताना माझा हात किंचित थांबला होता, कारण इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढ्या लहान आकड्याचा मला कधी आनंद झाला नव्हता.